अंतराळवीराच्या कॅन्सरचा धोका काढताना या चुका टाळा

जळगावात दरवर्षी बीएस्सीचं कोणीतरी प्रकल्पासाठी मंगळप्रवासाचा किरणोत्सार निवडतं, आणि दरवर्षी त्याच चुका माझ्या टेबलावर येतात. सगळ्यात जास्त छळणारी आधी सांगतो.

ग्रे आणि सिव्हर्ट ही किरणोत्साराची मात्रा मोजायची दोन एककं एकच धरू नका. गेल्या वर्षी चोपड्याचा एक मुलगा आला. हुशार, पण उत्तराची फार घाई. नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळगाडीवरच्या उपकरणाने मंगळाच्या वाटेवर दिवसाला सुमारे 0.48 मिलिग्रे मोजले होते. याने ते जाण्यायेण्याच्या 360 दिवसांनी गुणले, 173 आले, पुढे मिलिसिव्हर्ट लिहून टाकलं. मग एका सिव्हर्टला कॅन्सरचा धोका साडेपाच टक्के, हा तयार दर लावला. "सर, धोका एक टक्कासुद्धा होत नाही!"

मी त्याला शेजारी बसवलं. ग्रे फक्त शरीरात किती ऊर्जा मुरली ते सांगतो. गॅमा किरणांचं नुकसान विखुरलेलं असतं, पेशी बरंचसं सांधून घेते. वैश्विक किरणांतलं, म्हणजे अंतराळातून वेगाने येणाऱ्या कणांतलं, लोखंडाचं अणुकेंद्रक मात्र आपल्या वाटेवर डीएनए एकाच जागी इतका तोडतं की सांधणंच चुकतं. म्हणून ग्रेला नुकसानीचा गुणक लावायचा, की सिव्हर्ट मिळतो. त्या प्रवासात तो सरासरी 3.8 निघाला. दिवसाला 1.8 मिलिसिव्हर्ट, जाऊन-येऊन सुमारे 660. पोराचा धोका चौपट झाला. मी स्वतः वहीत ग्रे, गुणक, सिव्हर्ट असे तीन रकाने आखतो आणि तिन्ही भरल्याशिवाय टक्केवारीला हात लावत नाही. वेळ जातो, जाऊ द्या.

तो साडेपाचही डोळे मिटून वापरू नका. त्याचा मुख्य आधार हिरोशिमा-नागासाकीचे वाचलेले लोक. त्यांना मात्रा क्षणात मिळाली, तीही मुख्यतः गॅमाची. अंतराळवीराला महिनोन्महिने थोडी थोडी मिळते. जड कणांचा गुणक तर पेशी आणि उंदरांवरून काढलेला. तेव्हा "3.63 टक्के" लिहिणाऱ्याचे दोन दशांश मी खोडतो आणि किमान ते कमाल असा पट्टा मागतो.

कॅन्सर होणं आणि कॅन्सरने मरणं, हे दोन वेगळे आकडे आहेत.

यानाची ॲल्युमिनियमची भिंत जाड केली की काम झालं, असंही नाही. वैश्विक किरण त्यावर आपटून न्यूट्रॉन उडवतात. पाणी आणि पॉलिथिन बरं.

सौर वादळ, म्हणजे सूर्यावरून अचानक येणारा कणांचा मारा, विसरू नका. ऑगस्ट 1972 चं मोठं वादळ अपोलो 16 आणि 17 या चांद्रमोहिमांच्या मधे आलं, म्हणून चंद्रावर कोणी सापडलं नाही.

नासाची 2022 ची 600 मिलिसिव्हर्टची मर्यादा संपूर्ण कारकिर्दीची आहे. 599 सुरक्षित आणि 601 घातक, असा तिचा अर्थ नाही.

आणि केळी! रावेर-यावलची पोरं हमखास हिशोब मांडतात: एका केळ्यात 0.1 मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे मंगळप्रवास 66 लाख केळ्यांचा. गुणाकार बरोबर, तुलना चूक. केळ्यातला किरणोत्सार पोटॅशियमचा, आणि शरीर पोटॅशियमचं प्रमाण ठरावीक ठेवतं, जास्तीचं लघवीवाटे टाकतं. घडभर केळी खाल्ली तरी मात्रा साठत जात नाही.