ताप आला की त्याच दिवशी कळवा: पावसाळ्याआधीचा पशुरोग सल्ला

पाऊस तोंडावर आला की घरातली सगळी माणसे नांगरट, बियाणे आणि खतांमागे लागतात. गोठ्याकडे लक्ष जाते ते धार काढण्यापुरते. नेमका तेव्हाच बैल चारा टाकतो, गाय रवंथ थांबवते आणि मालक म्हणतो, ‘उन्हाने असेल, बघू उद्या.’ घटसर्पात, म्हणजे गळा सुजून श्वास कोंडणाऱ्या जंतूंच्या रोगात, तो उद्या उजाडत नाही. १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट ताप, गळ्याखाली गरम कडक सूज, घशात घरघर, आणि पुढच्या चोवीस तासांत जनावर आडवे. नुसता ताप असताना प्रतिजैविक मिळाले तर ते वाचू शकते. घरघर लागल्यावर डॉक्टरांच्या हातातही फारसे उरत नाही.

म्हणून थर्मामीटर गोठ्यातच ठेवा आणि गुदद्वारात दोन मिनिटे धरून ताप मोजा. निरोगी गाईचे तापमान १०१ ते १०२.५ असते. १०३.५च्या वर गेले आणि चारा सुटला असेल तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावा. एकाच गोठ्यातल्या दोन जनावरांनी एकाच दिवशी रवंथ थांबवली, तर ताप मोजण्यातही वेळ घालवू नका. असे बहुतेक वेळा साध्या अपचनाने होत नाही.

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबत २००९चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतल्या, म्हणजे यादीतल्या, रोगाची नुसती शंका आली तरी मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावाच्या अधिकाऱ्याला कळवायचे आणि ते जनावर वेगळे बांधायचे, असे तो सांगतो. रोगाची खात्री करणे हे तुमचे काम नाही.

लपवण्यामागची भीती खरी आहे. बाजार बंद होईल, डेअरी दूध घेणार नाही, गावात बोभाटा होईल. पण लम्पीत, म्हणजे माश्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य त्वचारोगात, अंगावर गाठी उठण्याआधीच ताप येतो, डोळ्यांतून पाणी गळते, खांद्यापुढची लसिकाग्रंथी सुजते. त्या दिवसांत त्या जनावराला चावलेली माशी शेजारच्या दावणीला जाते. वेळेत कळले तर बाधित गावाच्या ५ किलोमीटर परिघातल्या निरोगी जनावरांना लस टोचता येते. उशीर झाला तर लस साथीच्या मागे धावते, कारण टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन ते तीन आठवडे लागतात.

सर्वांत वाईट म्हणजे आजारी जनावर घाईने आठवडी बाजारात उभे करणे. लाळ्या खुरकुताचे एक जनावर टेम्पोतून उतरते आणि रोग दहा गावांत जातो. हा गुन्हा आहे, शिवाय उद्या तुमचेच वासरू विकत घेणारा शेजारी त्यात बुडतो.

पैशाचाही हिशेब करा. २०२२च्या लम्पी साथीत महाराष्ट्रात मेलेल्या दुभत्या जनावरामागे ३० हजार, ओढकामाच्या जनावरामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरली होती. गुपचूप पुरलेल्या जनावराचा पंचनामा होत नाही, आणि पंचनाम्याशिवाय हातात काही पडत नाही. कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर तो आजच मारून घ्या. लसीकरणाची नोंद त्याच क्रमांकावर होते.

मृगाआधीची कामे:
- घटसर्प, फऱ्या (मांसल भाग सुजणारा जंतूंचा रोग): मे महिन्यातच लस. फऱ्यात सहा महिने ते दोन वर्षांची धष्टपुष्ट जनावरे आधी जातात.
- लाळ्या खुरकूत: वर्षातून दोनदा, चार महिन्यांवरील जनावरांना.
- लम्पी: शेळी-देवीची लस १ मिलि कातडीखाली, फक्त निरोगी जनावराला. प्रत्येकाला नवी सुई.
- शेळ्या-मेंढ्या: आंत्रविषार, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) यांची लस.
- जंतनाशक, मुतारी व गटार साफ, शेणखड्डा गोठ्यापासून लांब.

सरकारी लसीकरण मोहिमेतली लस फुकट मिळते आणि ती २ ते ८ अंश सेल्सिअसवर ठेवलेली असते. दुकानदाराने पिशवीतून दिलेली बाटली उन्हात तापली असेल तर तुम्ही पाणी टोचता आहात. साथ आली की ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ पातळ औषधे महागड्या दराने खपवली जातात. त्यातली कोणतीही लसीची जागा घेत नाही. ते पैसे खनिज मिश्रणावर आणि गोठ्याच्या जाळीवर घाला.

माश्यांसाठी १ लिटर पाण्यात करंज, निंब आणि निलगिरी तेल प्रत्येकी १० मिलि आणि २ ग्रॅम साबण ढवळून गोठ्यात व अंगावर फवारा. पहिल्या वळवानंतर आठवडाभरात चावऱ्या माश्या वाढतात असा अनुभव आहे. त्यामुळे फवारणी त्याच्या आधीच सुरू करा. लाळ्या खुरकुताच्या गोठ्यात फरशी आणि बादल्या धुवायला १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो.

जनावर अचानक मेले आणि नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल तर ती काळपुळी (अँथ्रॅक्स) समजा. कातडे काढू नका, पोट फाडू नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. हवा लागली की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि मातीत कित्येक वर्षे टिकतात. डॉक्टर येईपर्यंत अंगावर चुना टाकून झाकून ठेवा, मग विहीर-ओढ्यापासून दूर, वर किमान सहा फूट माती येईल इतक्या खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा.