आधी नेम, मग सामान: घरच्या घरी व्यायामाची तयारी

डंबेल्स घेतले की व्यायाम आपोआप सुरू होईल, हा हिशेब बहुतेक घरांत पलंगाखाली धूळ खात पडलेला असतो. सामानामुळे उत्साह येत नाही. ते फार तर वाटेतली एखादी अडचण दूर करतं. ती अडचण कोणती हे कळण्याआधी खरेदी झाली, तर भलतीच वस्तू घरात येते. म्हणून पहिले चार आठवडे काहीही विकत घेऊ नका. चालायला जाणार असाल तर फक्त चांगले बूट घ्या. या चार आठवड्यांत तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं ते दिसेल: वेळेपाशी, जागेपाशी, कंटाळ्यापाशी की गुडघ्यापाशी. पुढची यादी त्यावरून ठरते.

नेम कशाला बांधायचा

‘उद्यापासून रोज सकाळी व्यायाम’ हा बेत टिकत नाही, कारण त्यात ‘सकाळी’ म्हणजे कधी आणि कुठे हे ठरलेलं नसतं. ‘अमुक घडलं की मी तमुक करणार’ अशा नेमक्या शब्दांत ठरवलेला बेत जास्त वेळा पार पडतो, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर: ‘चहाचा कप विसळून ठेवला की हॉलमध्ये चटई अंथरायची.’

ज्या कामाला नेम बांधाल ते रोज घडणारं हवं, रविवारीसुद्धा. ‘मुलं शाळेत गेल्यावर’ हा बेत मे महिन्यात कोसळतो. ‘ऑफिसातून आल्यावर’ हा लोकलच्या भरवशावर असतो. नळाला पाणी सकाळी सहा ते सात येत असेल, तर त्या तासात व्यायाम बसवायचा हट्ट धरू नका. दात घासणं, पहिला चहा, देवापुढे दिवा लावणं, कुकर चढवणं ही कामं चुकत नाहीत, त्यांना जोडून घ्या. कुकरच्या शिट्ट्या होऊन तो गार होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज मिळतात. गॅसवर तेवढं लक्ष ठेवायला घरात दुसरं कुणी असलं म्हणजे झालं.

सवय २१ दिवसांत लागते हे आपण सगळीकडे ऐकतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना प्रत्येकी एक नवी सवय लावायला सांगून हे मोजून पाहिलं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. तेव्हा तीन आठवड्यांनी कंटाळा आला तर ‘आपल्याच्याने होणार नाही’ असा निकाल लावू नका. अडीच महिन्यांची तयारी ठेवा.

वाईट दिवसासाठी एक किमान हप्ता ठरवून ठेवा, पाच मिनिटांचा: १० बैठका, भिंतीला टेकून १० जोर, ३ सूर्यनमस्कार. ताप असेल तर तोही नाही. घरात कालनिर्णय लटकत असतंच. पूर्ण व्यायाम झाला त्या तारखेला उभी रेघ, किमान हप्ता झाला तर ठिपका. सलग दोन आठवडे रेघांपेक्षा ठिपके जास्त दिसले, तर तुमचा पूर्ण व्यायाम गरजेपेक्षा जड आहे. तो एक तृतीयांशाने कमी करा.

सुरुवातीला उत्साह मारणारी खरी गोष्ट म्हणजे दुखणं. पहिल्या दिवशी जोशात शंभर बैठका मारल्या की साधारण २४ ते ७२ तासांत मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मग तिसरा दिवस बुडतो, चौथाही. पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकाराचे दोनच सेट (सेट म्हणजे न थांबता सलग केलेली एक खेप) करा आणि ‘अजून तीन-चार झाले असते’ असं वाटत असतानाच थांबा.

सामान न आणता पहिला महिना

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी अशी: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत, आणि किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा. पहिल्या भागासाठी झपाझप चालणं पुरतं. दुसऱ्यासाठी आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, हे करा:

बैठका खुर्चीसमोर उभं राहून. नितंब खुर्चीला टेकले न टेकले की वर. आखाड्यातली बैठक टाचा उचलून मारतात. ती सरावाच्या गुडघ्यांसाठी आहे. नवख्या माणसाने टाचा जमिनीवरच ठेवाव्यात.

जोर चार पायऱ्यांनी खाली आणायचे: आधी भिंतीवर, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग भिंतीला टेकवलेल्या पलंगाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर. एका पायरीवर १२-१२ चे तीन सेट कंबर न लोंबता निघाले की पुढच्या पायरीवर जा. मनगट दुखत असेल तर बोटं किंचित बाहेर वळवा आणि भार तळहाताच्या बुडाऐवजी पूर्ण पंजावर पसरवा.

पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं: १२ ते १५ वेळा, वर दोन सेकंद थांबून.

बादली घेऊन चालणं. दोन सारख्या बादल्यांत प्रत्येकी ८ लिटर पाणी भरलं की दोन्ही हातांत आठ-आठ किलोहून थोडं जास्त वजन येतं. हॉल ते स्वयंपाकघर, ३० सेकंद, खांदे न झुकवता. पाणी डचमळलं तर चाल वाकडी आहे. फरशी ओली झाली की आधी पुसा, मग पुढचा फेरा.

आता एक उणीव. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या हा आपला सगळा घरगुती ठेवा ढकलण्याचा आणि उठण्या-बसण्याचा आहे. त्यात ओढणं जवळजवळ नाहीच. ते काम आपल्याकडे मल्लखांब करतो, आणि मल्लखांब काही हॉलमध्ये पुरता येत नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढे पोक काढून बसणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. तूर्त शाळेच्या दप्तरात पुस्तकं आणि एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरा (एक बाटली म्हणजे एक किलो). एक हात पलंगावर टेका, पाठ सपाट ठेवा आणि दुसऱ्या हाताने दप्तर बरगडीपर्यंत ओढा. प्रत्येक हाताने १०.

पहिली खरेदी: ओढायला काहीतरी

त्यामुळे पैसे पहिल्यांदा खर्च करायचे ते रेझिस्टन्स बँडवर, म्हणजे ताणून ओढायच्या रबरी पट्ट्यावर. ४१ इंची लांब गोल पट्टा घ्या, एक हलका आणि एक मध्यम. हुक आणि मुठी असलेले नळीसारखे बँड सोयीचे दिसतात, पण तुटतात ते जोडापाशीच. रंगावरून ताण ठरवू नका. एका कंपनीचा लाल दुसरीच्या पिवळ्याइतका असू शकतो. पाकिटावर किलोचा आकडा पाहा.

बँड खिडकीच्या ग्रिलला अडकवायचा मोह सगळ्यांना होतो. गंजलेल्या सळईची धार रबराला आधी बारीक चीर पाडते आणि मग ऐन ताणात तो सुटून तोंडावर येतो. सळईला जुना टॉवेल गुंडाळून मगच अडकवा, आणि ग्रिल हलत तर नाही ना ते आधी हाताने ओढून पाहा. दाराला अडकवत असाल तर दार ज्या बाजूला बंद होतं त्या बाजूने ओढा आणि कडी लावा. दर आठवड्याला बँड ताणून उजेडात पाहा. बारीक भेगा दिसल्या की फेकून द्या, गाठ मारून वापरू नका. ऊन आणि तेल हे रबराचे शत्रू. गॅलरीत वाळत टाकू नका, पुसून थोडी टाल्कम पावडर लावून कपाटात ठेवा.

दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट बसणारा पुल-अप बार मात्र आम्ही घ्या म्हणणार नाही. प्लास्टर किंवा लॅमिनेटवर तो घसरतो, आणि पडणारा माणूस पाठीवर पडतो. लटकायचं असेल तर महापालिकेच्या बागेतला सिंगल बार उत्तम. तिथल्या ओपन जिमच्या बऱ्याचशा यंत्रांत ताण वाढवायची सोय नसते, म्हणून महिन्याभराने ती सोपी वाटू लागतात. सिंगल बार आणि डबल बार कधीच सोपे होत नाहीत.

चटई आणि डंबेल्स

चटई जाड तितकी चांगली, असं नाही. १० ते १५ मिलिमीटरच्या फोमवर झोपायला छान वाटतं, पण जोर मारताना तळहाताचं बूड आत रुततं, मनगट जास्त वाकतं आणि एका पायावर तोल जातो. ६ मिलिमीटर बहुतेकांना बरोबर. लांबी उंचीपेक्षा १० सेंटिमीटर जास्त. नवी चटई घसरत असेल तर ती खराब निघाली असं नाही, तिच्यावर कारखान्याचा पातळ थर असतो. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा.

डंबेल्समध्ये ठरावीक वजनाची जोडी घेतली की तीन महिन्यांत ती हलकी पडते. प्लेटा काढता-घालता येणारा संच घ्या. दुकानात पाहायच्या गोष्टी: दांड्याचं वजन धरून एकूण किती होतं, प्लेटांची भोकं त्याच दांड्याच्या मापाची आहेत का (घरगुती साध्या संचाचं भोक साधारण २५ ते २८ मिलिमीटर, जिममधल्या मोठ्या प्लेटांचं ५०, एकमेकांत चालत नाहीत), आणि नटाच्या आतल्या बाजूला रबराची चकती आहे का. ती नसली की नट दहा-बारा आवर्तनांत सैल होतो. दर सेटआधी नट पिळायची सवय ठेवा. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेले डंबेल्स स्वस्त पडतात, पण आकाराने बोजड असतात आणि एकदा पडले की शिवणीतून भुकटी गळते. लोखंडी जास्त टिकतात.

स्त्रियांना ‘गुलाबी एक किलोवाले’ दाखवायची दुकानदारांची पद्धत आहे. दळणाचा दहा किलोचा डबा उचलणाऱ्या बाईला एक किलोने काय होणार? खांद्याच्या व्यायामांना २-३ किलो आणि पाय-पाठीच्या व्यायामांना ५ ते ८ किलो, अशी सुरुवात बहुतेकींना झेपते.

वजन वाढवायचा नियम साधा. ज्या वजनाने ८ वेळा नीट होतं तिथून सुरू करा, ३ सेट, मध्ये ६० ते ९० सेकंद विश्रांती. तिन्ही सेटमध्ये १२ झाले की सगळ्यात छोट्या प्लेटांची जोडी वाढवा आणि परत ८ वर या. श्वास रोखून उचलू नका, उचलताना सोडा. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हे विशेष पाळावं. छातीत दाब, चक्कर किंवा दम लागून न ओसरणं यांपैकी काही झालं तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठा. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळ आणि खाणं आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

दोरी घ्यायची तर दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून मुठी वर ओढा. त्या काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. उडी दोन-तीन सेंटिमीटरच पुरते. वजन बरंच जास्त असेल किंवा गुडघे बोलत असतील तर दोरी पुढच्या वर्षासाठी ठेवा. खालच्या मजल्यावरचे काकाही दुवा देतील.

पावसाळा

जूनमध्ये चालणं बंद पडतं आणि गणपतीपर्यंत सुरू होत नाही, हा नेहमीचा क्रम. त्याला उत्तर मे महिन्यातच ठरवा: बाहेर पाऊस असेल तर इमारतीचे जिने, ५ मिनिटं चढ-उतार, २ मिनिटं विश्रांती, तीन फेऱ्या. उतरताना कठडा धरा. कोकणात आणि मुंबईच्या समुद्राकडच्या भागात लोखंडी प्लेटांना आठवड्याभरात तांबूस डाग धरतो. शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. मुठीच्या भागाला तेल लावू नका, डंबेल हातातून निसटेल.

ट्रेडमिल घ्यायचाच असेल तर

सहा महिने रेघा सलग पडत असतील आणि तरी पाऊस, कुत्री किंवा रहदारी आड येत असेल, तरच. जाहिरातीत मोटरची ताकद बहुधा क्षणिक कमाल आकड्यात लिहिलेली असते. दुकानदाराला ‘सलग चालताना किती अश्वशक्ती’ असं विचारा. चालण्यासाठी दीड ते दोन पुरे, पळण्यासाठी अडीच-तीन हवी. पट्ट्याची रुंदी चालायला ४० ते ४५ सेंटिमीटर, पळायला ५० च्या आसपास. वजनमर्यादा घरातल्या सर्वांत वजनदार माणसापेक्षा २० किलोने जास्त. मागे किमान दीड-दोन मीटर मोकळी जागा ठेवा, भिंत नको. एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका, स्वतंत्र सॉकेट द्या.

जुना घेत असाल तर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला त्यावर दहा मिनिटं चालायला लावा. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर मागचे दोन बोल्ट पाव-पाव फेरा फिरवून तो जागेवर येतो, ती मोठी बाब नाही. पाय टेकताक्षणी पट्टा अडखळत असेल तर आधी सिलिकॉन तेल घालून पाहा. तरी अडखळत असेल किंवा जळका वास येत असेल तर सौदा सोडा. आणि कपड्याला अडकवायची दोरीवाली सुरक्षा-किल्ली आहे का, ती ओढल्यावर यंत्र खरंच थांबतं का, हे पैसे देण्याआधी तपासा.