गहू २,४-डी कसे पचवतो, आणि त्यानुसार फवारणी कशी करावी

२,४-डी हे रुंद पानांचे तण मारणारे तणनाशक. फवारले की ते चाकवतासारख्या तणात शिरते तसे गव्हातही शिरते. गव्हाची अरुंद, उभी पाने थोडे कमी औषध धरतात खरे, पण गहू वाचतो तो मुख्यतः एन्झाइममुळे. सायटोक्रोम पी-४५० गटातले एन्झाइम २,४-डीच्या रेणूतील कार्बनच्या कड्यावर हायड्रॉक्सिल गट बसवते आणि चौथ्या जागेवरचा क्लोरीन पाचव्या जागी सरकतो. दुसरे एन्झाइम त्यावर ग्लुकोज चढवते आणि तो निकामी रेणू पेशीच्या रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) कायमचा अडकतो. रुंद पानांच्या झाडांत बहुधा ॲस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल जोडले जाते. हा जोड सुटतो, आणि विष पुन्हा मोकळे होते.

गव्हाची ही क्षमताही अमर्याद नाही. पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, फुटवे आलेले पण कांडी अजून धरलेली नाही, अशा वेळी फवारा. फार लवकर फवारल्यास पाने कांद्याच्या पातीसारखी नळीदार होतात, ओंब्या वाकड्या येतात. पोटरीत फवारल्यास दाणे भरत नाहीत.

२,४-डीचा ८० टक्के सोडियम क्षार एकरी २५० ग्रॅम, २०० लिटर पाण्यात. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला सुमारे १९ ग्रॅम. तुमच्या चालीने एकराला कमी पाणी लागत असेल तर पंपामागचे ग्रॅम वाढवा, एकरी मात्रा तीच ठेवा. फ्लॅट फॅन नोझल वापरा. कडाक्याच्या थंडीत एन्झाइम मंदावतात, तेव्हा थांबा. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक सोबत मिसळू नका, ते पी-४५० लाच अडवते. लव्हाळा आणि हरळी याने जाणार नाहीत.

शेजारी कपाशी उभी असेल तर वारा तिकडे असताना फवारूच नका. २,४-डीचा इथाइल एस्टर हा प्रकार तर टाळाच, त्याची वाफही कपाशीला बाधते. पाने पट्टीसारखी अरुंद झाली, शिरा जवळ आल्या, की तो किडींनी पसरवलेला विषाणू समजून कीटकनाशकावर खर्च केला जातो. कपाशी बीटी असल्याने काही फरक पडत नाही, तिच्यातले बीटी प्रथिन बोंडअळीसाठी आहे. अमेरिकेत २,४-डी सहन करणारी कपाशी आहे, पण तिच्यात डेल्फ्टिया या जिवाणूचे २,४-डी मोडणाऱ्या एएडी-१२ एन्झाइमचे जनुक घातलेले असते.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. नाइलाज असेल तर तीनदा धुवून १५ लिटर पाण्यात १५० मिली घरगुती अमोनिया घाला, थोडे नळी-नोझलमधून सोडा, बाकीचे रात्रभर टाकीत ठेवा आणि सकाळी पुन्हा धुवा. नुसत्या पाण्याने रबरी नळीत मुरलेले २,४-डी निघत नाही.