माउसवर क्लिकचा वेग कसा मोजावा आणि कसा वाढवावा

"दादा, माझे सेकंदाला चौदा क्लिक येतात!" आमच्या गल्लीतला नववीतला पोरगा धावत सांगायला आला. मी त्याला म्हटलं, आता सावकाश, मोजून वीस वेळा बटण दाब. स्क्रीनवर आकडा आला २७. वेग त्याचा नव्हता, माउस बिघडला होता.

म्हणून आधी माउस तपासा. बटणाखालच्या स्विचमध्ये धातूची बारीक पट्टी असते. टेकताना ती क्षणभर थरथरते. माउसमधली चिप काही मिलिसेकंद थांबून ती थरथर गाळते. पट्टी झिजली की थरथर लांबते आणि एका दाबाचे दोन क्लिक होतात. वीसला वीस आले तरच पुढे जा.

आता मोजणी. क्लिक मोजणारं कुठलंही पान उघडा आणि १० सेकंदांची चाचणी निवडा. एका सेकंदाच्या चाचणीत आकडा फुगतो, त्यावर विसंबू नका. १० सेकंदांत ६८ क्लिक झाले तर वेग ६.८. असं पाच वेळा करा, सरासरी काढा आणि तारीख घालून वहीत लिहा. सरावाशिवाय ६-७ च्या आसपास येणं अगदी नेहमीचं आहे.

मोजायला बसण्याआधी हात धुवा, पुसून कोरडे करा. शेंगाचटणी-भाकरी खाऊन तसंच बसलात तर तेलानं बोट घसरतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा घामानंही तेच होतं. उन्हाळ्यात मी सकाळीच सराव करतो. आणि माउस चादरीवर ठेवू नका. आपल्या सोलापुरी चादरीच्या उठावदार विणीवर कर्सर उड्या मारतो. साधं, सपाट पॅड घ्या.

वेग वाढतो तो बोट ढिलं सोडल्यानं. कोपर टेबलावर टेका, मनगट सरळ ठेवा, बोटाचं टोक बटणावरून उचलूच नका. बटण जेमतेम वर येतंय तोवर पुन्हा दाबा. १० सेकंद क्लिक, ३० सेकंद विश्रांती, अशा पाच फेऱ्या रोज पुरतात. मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी बंद.

हात ताठ करून थरथरवण्याची 'जिटर' पद्धत वेग देते, पण मी ती शिकवत नाही. पोरांच्या मनगटांवर तिचा फार ताण येतो. दोन बोटांनी आळीपाळीनं मारायची 'बटरफ्लाय' त्यापेक्षा बरी, फक्त तुम्ही ज्या सर्व्हरवर गेम खेळता त्याच्या नियमांत बसते का ते आधी पाहा. आपोआप क्लिक मारणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ऑटो-क्लिकर, मात्र सरळ फसवणूक आहे.

गेमही बघा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत १.८ पर्यंत भराभर क्लिक मारणारा जिंकायचा. २०१६ च्या १.९ पासून प्रत्येक वारानंतर तलवारीला पुन्हा जोर भरायला वेळ लागतो. तिथे घाईनं मारलेला वार अगदीच हलका बसतो, म्हणून स्क्रीनच्या मधल्या निशाण्याच्या फुलीखालची पट्टी भरेपर्यंत बोट रोखायचा सराव वेगळा करा.