बाइकचा सेल्फ लागत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी? या चुका टाळा

सकाळी बटण दाबलं की नुसतं ‘कट-कट’ होतं, मीटरचे दिवे मंदावतात आणि माणूस तडक बॅटरीच्या दुकानात जातो. आधी सीट काढून टर्मिनल हलवून बघा. स्क्रू ढिला असेल किंवा पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर चांगली बॅटरीसुद्धा बसल्यासारखीच वागते. पूड कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने साफ करा, पुसून कोरडं करा, स्क्रू आवळा, वर व्हॅसलीनचं बोट फिरवा. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह.

हॉर्न दणकून वाजतो म्हणजे बॅटरी ठीक, हा आणखी एक गैरसमज. हॉर्नला जेमतेम करंट लागतो, स्टार्टर मोटरला त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घ्या आणि त्याचे प्रोब, म्हणजे वायरींची टोकं, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर चार्ज भरलेला आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मा. १०.५ च्या आसपास अडकली आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक सेल गेलाय, तिच्यावर पैसे घालू नका. आता प्रोब तसेच धरून सेल्फ मारा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी दमलीय.

सर्वांत महागात पडते ती चूक पुढची: चार्जिंग न तपासता बॅटरी बदलणे. गाडी चालू करून रेस थोडी वाढवा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. तेरापर्यंतही जात नसेल तर चार्जिंगची कॉईल, वायरिंग किंवा आरआर युनिट (बॅटरीकडे जाणारं चार्जिंग नियंत्रित करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बघा. पंधराच्या वर गेलं तर आरआर युनिट बिघडलंय आणि ते नवी बॅटरीही उकळून टाकेल. दुकानदार हे सहसा सांगत नाही. त्याला बॅटरी विकायची असते.

नवी घ्यायचीच झाली तर जुनीवरचा एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) आकडा बघा आणि पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला आहे तेही बघा. बाजू उलटी निघाली तर वायर ओढून-ताणून जोडली जाते, आणि उलटी जोडली गेली तर फ्यूज उडतो, कधी त्याहून मोठं नुकसान होतं. एएच थोडा जास्त असला म्हणून गाडी जळत नाही, पण खोक्यात नीट न बसलेली बॅटरी खड्ड्यांत हादरून लवकर मरते. उत्पादनाचा महिना विचारा. अ‍ॅसिड दुकानात भरून देत असतील, तर ते प्लेट्समध्ये मुरू द्या आणि पहिला चार्ज देऊनच घ्या. पाच मिनिटांत बसवून दिलेली बॅटरी पुढे कमीच टिकते.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा, विशेषतः जीपीएस किंवा अलार्म बसवला असेल तर. घरी चार्ज करायची तर बाइकचाच चार्जर वापरा: ५ एएचला अर्धा अँपिअर पुरतो, कारचा चार्जर तिला तापवून मारतो. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड नाही. एमएफ (मेंटेनन्स-फ्री, पाणी घालावं न लागणाऱ्या) बॅटरीचं झाकण उचकटून पाणी घालणारे मेकॅनिक अजून आहेत, त्यांना हात लावू देऊ नका.