आफ्रिकेतला देव पोट्ट्यांना कसा समजवायचा

शाळेत नाहीतर गावच्या वाचनालयात या विषयावर बोलायचं असन तर "आफ्रिकेचा धर्म" असं सरसकट म्हणू नका, तिथं शेकडो समाज हायेत अन् हरेकाचं वेगळं. एक पकडा. मी म्हणीन नायजेरियातले योरुबा घ्या, त्यांचा सगळ्यात मोठा देव ओलोडुमारे, पण त्याचं सहसा देऊळ नसते, मूर्ती नसते, रोजचं गाऱ्हाणं जाते ओरिशांकडं, म्हणजे त्याच्या खालच्या देवांकडं: शांगो विजेचा, ओगुन लोखंडाचा (आता ड्रायव्हर लोकंबी त्याले मानतात), ओशुन नदीची. नायजेरियातल्याच ओसोग्बो शहरातलं तिचं वन 2005 पासून युनेस्कोच्या यादीत हाय, मोबाईलवर फोटो दाखवा, पोट्टे लगेच ऐकतात. मंग केनियाच्या किकुयूंचा न्गाई, तो माउंट केनियावर राहते म्हणतात, अन् मुगुमो नावाच्या वड-उंबराच्या जातीतल्या झाडाखाली त्याची प्रार्थना व्हायची. इथं कोणी गोंडांच्या बडादेवाची अन् साजाच्या झाडाची आठवण काढनच, काढू द्या, पण दोन्ही एकच असं ठोकून देऊ नका. पूर्वजांचं विचारलं तर सांगा, मान मोठा, पण ते सर्वोच्च देव नाहीत. अन् कोणी "सगळा जादूटोणाच ना" म्हटलं तर बाप्पा, परत ओलोडुमारेपासून सुरू करा.