गाडी बंद पडल्यावरची पहिली पाच मिनिटं: या चुका टाळा

माझ्याकडे 2012 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंड हॅन्ड घेतलेली, आणि दर पावसाळ्यात एकदा तरी पुण्याहून निघून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणं होतंच. काचा खाली, एसी बंद, सेकंड गिअरला इंजिनचा एकसारखा आवाज आणि दरीतून ढग वर येतायत, एवढ्या एका तासासाठी मी वर्षभर इन्शुरन्स, पीयूसी, टायर, सर्व्हिसिंग सगळं आनंदाने करतो. पण इतक्या वर्षांत माझ्या आणि नातेवाइकांच्या गाड्या बघून एक गोष्ट पक्की कळलीय, बिघाड मुळात छोटाच असतो, एखादा पाइप, फ्यूज, ढिला टर्मिनल, आणि बिल मोठं होतं ते त्यानंतर आपण घाबरून जे करतो त्यामुळे. म्हणून खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बऱ्याचशा बंद पडल्यानंतरच्या आहेत.

पाण्यात बंद पडली? सेल्फ मारू नका

सगळ्यात महाग चूक हीच, त्यामुळे आधी हीच सांगतो. माझ्या मावसभावाची गाडी दोन पावसाळ्यांपूर्वी साठलेल्या पाण्यात बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, याने घाईत सेल्फ मारला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा खट्ट करून आवाज आला आणि इंजिन जाम. गॅरेजमधे नेल्यावर मिस्त्रीचा पहिला प्रश्न होता, "साहेब, बंद पडल्यावर सेल्फ मारलात का?" त्याला बाकी काही विचारायची गरजच नव्हती.

होतं असं की इंजिन हवा ओढून ती सिलेंडरमधे दाबतं, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, मग वर येणारा पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी कधी ब्लॉकच फुटतो. आणि हवा घेणारं तोंड बऱ्याच गाड्यांत पुढे ग्रीलच्या मागे किंवा हेडलाइटजवळ असतं, त्यामुळे पाणी बॉनेटपर्यंत यायलाच पाहिजे असं नाही, समोरून एक ट्रक गेला आणि त्याची लाट आली तरी पुरतं.

तर पाण्यात बंद पडली की चावी बंद, गिअर न्यूट्रल, दोनचार लोकांना हाक मारून ढकलत कोरड्या जागी आणा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, बहुतेक गाड्यांत तीनचार क्लिपा असतात. फिल्टर ओला असेल तर पुढे काहीही करू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टोचन मागवा. गॅरेजवाला स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढेल, ऑइल बघेल, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. सेल्फ मारला नसेल तर बऱ्याचदा ऑइल, फिल्टर आणि साफसफाईवर भागतं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनचं काम सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन लागतं, पॉलिसी रिन्यू करताना ते आहे का बघा आणि त्याच्या अटीही वाचा.

उभ्या गाडीलाही हाच नियम. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा दारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवावीशी वाटते, सगळ्यांनाच वाटते, पण ओल्या वायरिंगमधे करंट गेला की ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जळू शकतो. आधी निगेटिव्ह काढायची, मग बाकीचं.

आणि पाणी दाराच्या वर चढायला लागलं तर गाडीचा विचारच सोडा. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, त्या दिवशी गाडीत अडकून माणसं गेलीत. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही, पॉवर विंडो कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून काच आधीच खाली घ्या आणि बाहेर पडा. एक छोटी टोकदार हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको, आणि मारायची झाली तर बाजूच्या काचेवर, तेही कोपऱ्याशी, कारण पुढची काच थराची असते, ती तडकते पण सुटत नाही.

गरम झाली की झाकण उघडायची घाई

कुंभार्ली चढताना आमच्या पुढच्या एका गाडीतून वाफ यायला लागली, माणूस उतरला, रुमाल धरून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, मी धावत जाऊन थांबवलं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, दाबाखाली असतं म्हणून ते शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. हात, चेहरा, डोळे, सगळंच भाजतं.

तापमानाचा काटा वर चढायला लागला की तेव्हाच एसी बंद करा, हीटर फुल्ल गरमवर आणि ब्लोअर जोरात, माणसांना त्रास होतो पण इंजिनमधली थोडी उष्णता बाहेर निघते. बाजूला घेऊन बंद करा आणि अर्धा पाऊण तास थांबा, खरंच थांबा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड, म्हणजे सिलेंडरवरचा इंजिनचा वरचा भाग, तडकू शकतं, आणि हेडचं काम म्हणजे काय ते ज्यांनी करून घेतलंय त्यांना विचारा. गार झाल्यावर साधं पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, पण नंतर ते तसंच ठेवू नका. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, वर आतून गंज, मग दर उन्हाळ्यात तीच कटकट. कूलंट किती टक्के घालायचं ते मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं. आणि गॅरेजमधे पोचल्यावर फक्त भरून घेऊ नका, गेलं कुठे ते शोधायला सांगा, बऱ्याचदा एक होज पाइप किंवा फॅनचा रिले (फॅन चालू करणारा छोटा स्विच) निघतो.

घाट उतरताना

ज्या गिअरला चढला असता त्याच गिअरला उतरायचं, हे आमच्या काकांनी मला शिकवलं, त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरांना बघून. तरी लोक न्यूट्रल करतात, काही तर चावीसुद्धा बंद करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. उलट आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमधे असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळपास पूर्ण बंद होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. आणि इंजिन बंद केलं तर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरची मदत दोनतीन दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टीअरिंगही जड होतं, हे सगळं वळणावर.

सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणं ही दुसरी चूक. डिस्क तापतात, करपल्यासारखा वास येतो, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट, कारण ते हवेतली ओल शोषून घेतं, मग कमी तापमानाला उकळतं, त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं, पातळी भरलेली दिसते म्हणून ठीक आहे असं नसतं. वास आला तर रुंद जागा बघून थांबा, ब्रेक आपोआप गार होऊ द्या, त्यावर पाणी मारू नका, डिस्क वाकतात आणि मग ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं. चाकाला दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाका, हे मी हात जोडून सांगतो, घाटात रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.

सकाळी नुसतं टकटक

चावी फिरवली आणि नुसतं टकटक झालं की बॅटरी गेली म्हणून लगेच नवीन घेऊ नका. बॉनेट उघडून टर्मिनल बघा, पांढरी हिरवट पावडर साठलीय का, क्लॅम्प हाताने हलतो का. माझ्या गाडीत तर दोनदा फक्त तेवढंच निघालं. निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, घट्ट लावा, वरून थोडं व्हॅसलीन.

जंप द्यायचा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची, तर लाल वायर आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर तिच्यापासून लांब इंजिनच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ नको. बॅटरीला चार वर्षं झाली असतील आणि महिन्यात दोनदा जंप लागला तर मात्र बदला.

किरकोळ पण त्रास देणाऱ्या

गाडी झाडाखाली लावत असाल तर वायपरखालच्या जाळीतला पाला दर आठवड्याला काढा. पावसाचं पाणी जायची भोकं तिथेच असतात, ती तुंबली की पाणी ब्लोअरमधून आत येतं, मॅट ओली, कुबट वास, आणि लोक परफ्यूम बदलत बसतात. एसी चालू असताना खाली साधं पाणी ठिबकतं ते बरोबरच आहे, हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट, काळपट चिकट असेल तर ऑइल, पुठ्ठा ठेवून बघा रात्रभर.

पावसात काच आतून धुरकट झाली की कापड फिरवत गाडी चालवू नका, एसी लावा, हवा काचेवर आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) बंद. बाहेरून धुरकट झाली असेल तर एसी जास्त गार झालाय, तापमान थोडं वाढवा आणि वायपर मारा.

ट्यूबलेस टायरमधे खिळा दिसला तर तिथेच उपटू नका, आहे तसा ठेवून हवा बघत हळू पंक्चरवाल्याकडे जा. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, पंपावरचा पोरगा सगळ्यांना पस्तीस भरतो, त्याला आकडा आपण सांगायचा, आणि टायर गार असताना. जुना टायर ओळखायला बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं.

हवा भरताना पाचवा टायर कोणालाच आठवत नाही. स्टेपनीत हवा नाही हे रात्री अकरा वाजता, पावसात, जॅक लावून झाल्यावर कळतं. मी आता दर महिन्याला चारही चाकांबरोबर डिकी रिकामी करून तिचीही हवा बघतो, आणि वर्षातून एकदा घरासमोरच जॅक लावून चारही चाकांचे नट ढिले होतायत ना बघून परत आवळतो, कारण टायरच्या दुकानात ते गनने इतके घट्ट करतात की गाडीतल्या छोट्या पान्याने हलत नाहीत, त्यासाठी दोन फुटांचा पाइपही डिकीत टाकून ठेवलाय.